डिक्कीतला डबा

बाबांच्या फियाटमध्ये डॅशबोर्डवर गणपतीची एक छोटी तसबीर होती. पितळी चौकट, मागे लोहचुंबक. तिच्या मागे घडी करून ठेवलेला एक कागद असायचा. आखीव, निळ्या रेघांचा, मिलच्या स्टोअरमधला. त्यावर बाबांच्या ठसठशीत अक्षरात मथळा होता : ‘अपघात झाल्यास’.

हा कागद आधी काचेवरच्या झापेला चिकटवलेला होता. दसऱ्याला गाडी धुताना आईने तो काढून टाकला. बाबांनी दुसरा लिहिला. तोही गेला. तिसरा त्यांनी गणपतीच्या मागे ठेवला आणि तिथून तो काढायची आईची छाती झाली नाही. पण तिने त्याला कधी हातही लावला नाही. “शुभ बोल रे नाऱ्या म्हटलं की मांडवाला आग लागली म्हणणारे तुम्ही,” एवढं मात्र दर प्रवासाला ऐकवायची.

बाबा मिलमध्ये मेंटेनन्सला होते. इंदूरच्या ज्या पिढीचा दिवस मिलच्या भोंग्यावर उगवायचा आणि मावळायचा, त्या पिढीचे. खात्याच्या भिंतीवर वाळूने भरलेल्या लाल बादल्या टांगलेल्या असत. लोक त्यांत पानाच्या पिचकाऱ्या मारत, म्हणून बाबा दर सोमवारी वाळू बदलून घेत. “रोज आग लागते का मिलला?” मी लहानपणी विचारलं होतं. “नाही लागत. म्हणूनच लोक थुंकतात,” ते म्हणाले. पुढे मिल बंद पडल्या, हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली ते वर्ष तर इंदुरात अजून कुणी विसरलेलं नाही, पण बाबांची बादलीवरची श्रद्धा काही गेली नाही. ती फियाटमध्ये आली.

कागदावर पाचच ओळी होत्या. आधी इंजिन बंद करणे, मग घाबरणे. माणसे मोजणे. मागून येणाऱ्यांस दाखवणे (फांदी, दगड, दिवा). निघताना दगड उचलणे. कोणाशी भांडू नये, नंबर लिहून घ्यावा. आणि पाचवी : घरी फोन केल्यास पहिले वाक्य ‘सगळे ठीक आहेत’ (असल्यास), मग बाकीचे.

तो कंसातला ‘असल्यास’ मला लहानपणी विनोदी वाटायचा.

बाबांच्या हयातीत कागदाची गरज एकदाच पडली, देवासजवळ टायर फुटलं तेव्हा. ते गेल्यावर फियाट विकली. तसबीर आणि कागद माझ्याकडे आले.

*

इंदूरच्या मराठी घरांचा मे महिना दक्षिणेकडे तोंड करून असतो. कुणाचं कुलदैवत तिकडे, कुणाची बहीण, कुणाला नुसताच समुद्र बघायचा असतो. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहून, हिंदीतून भाजी घेऊन, पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरवून आम्ही मराठी बोलतो ते तिकडच्यांना जरा गमतीचं वाटतं. आमची मुलं ‘आपण’ म्हणायच्या जागी ‘अपन’ म्हणतात. असो. रस्ता ठरलेला : राऊ, मानपूर, घाट, धामनोद, खलघाटला नर्मदा, ठीकरी, जुलवानिया, सेंधवा, बिजासन, आणि मग शिरपूर-धुळे. मुंबई-आग्रा रस्ता. आमच्याकडे त्याला नुसतं एबी रोड म्हणतात, जणू तो घराच्या फाटकापाशीच संपतो.

निघण्याआधीचे सोपस्कारही ठरलेले. नवी गाडी असेल तर आधी खजराना गणपतीला. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, नारळ, चारही चाकांखाली लिंबं. दर प्रवासाला आई तळहातावर दही-साखर ठेवते. ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. दारातून निघाल्यावर परत फिरायचं नाही. विसरलेला चष्मा आत राहिला तरी चालेल.

मी एकदा आईला म्हटलं, “चाकाखाली लिंबू कशाला ठेवतात गं?”

“दृष्ट लागू नये म्हणून.”

“दृष्ट लागली की काय होतं?”

ती गप्प बसली. कारण उत्तर तेच होतं, बाबांच्या कागदाच्या मथळ्यात लिहिलेलं. म्हणजे अपघाताची तयारी आमच्या घरात दोघंही करत होते. फक्त एक जण त्याचं नाव घेत होता आणि दुसरी घेत नव्हती. मी दोघांचं खाल्लेलं असल्यामुळे लिंबाला हसत नाही आणि कागदालाही नाही. पण लिंबू चिरडून झाल्यावर पुढे काय करायचं हे लिंबू सांगत नाही, एवढी त्याची मर्यादा मला कळते.

तर मी डबा केला. पूर्वी शंकरपाळ्यांचा होता तो, पत्र्याचा, झाकण गच्च बसणारा. त्यात काय नव्हतं! विजेरी, शिट्टी, कापूस, बँडेजच्या गुंडाळ्या, आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या धुवून इस्त्री केलेल्या पट्ट्या, कात्री, खडू (रस्त्यावर चाकांच्या जागा आखायला), पेन्सिल आणि वही (पेन ऐन वेळी उमटत नाही), वाचायचा जादा चष्मा, सुट्ट्या नोटांमध्ये पाच हजार रुपये, प्रत्येकाच्या गोळ्यांची यादी. शेजारी गाडीबरोबर आलेला लाल त्रिकोण. डबा डिक्कीत, डाव्या कोपऱ्यात, पट्ट्याने बांधलेला. त्याच्याकडे बघून मला समाधानाचं भरतं यायचं. नवरा त्याला ‘तुझा दारूगोळा’ म्हणायचा.

बाबांचा गणपती मात्र डॅशबोर्डवरून हलवावा लागला. आता त्या जागी आत एअरबॅग असते. ती फुगते ती डोळ्याचं पातं लवायच्या आत, आणि तिच्यावर जे काही ठेवलेलं असेल ते तितक्याच वेगाने समोरच्याच्या तोंडावर येतं. म्हणून तसबीर कागदासकट समोरच्या कप्प्यात ठेवली. आई म्हणाली, “बाप्पाला कोंडलंस.” मी म्हटलं, “बाप्पाला नाही, पितळेच्या चौकटीला कोंडलं.” तिला ते पटलेलं नाही.

*

२०२३ चा मे. दापोलीजवळ कर्द्याला जायचं होतं, नाशकात मुक्काम करून. गाडीत चौघं : मी चालवायला, शेजारी नवरा, मागे आई आणि पंधरा वर्षांची लेक.

फाटकातच पहिली लढाई झाली. मागच्या सीटवरचा पट्टा. आईचं म्हणणं असं की पट्ट्याने पदर चुरगळतो, जीव घुसमटतो, आणि मागे बसणाऱ्याला कुणी लावतं का पट्टा? उद्योगपती सायरस मिस्त्री मोटार अपघातात गेले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ४ सप्टेंबर २०२२, पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर. मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. आईने ती बातमी टीव्हीवर दिवसभर पाहिली होती. मी आठवण केली तर म्हणाली, “ते मोठे लोक. त्यांच्या गाड्या जोरात असतात.”

मी हिशोब सांगितला. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. आमचा सुदामा नगरातला प्लॉट १५ बाय ५० फुटांचा. म्हणजे अंगणातल्या तुळशीपासून निघून, बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर पार करून, मागच्या मोरीतून शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात. एका सेकंदात. गाडी थांबते, आत बसलेला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो, त्याला काहीतरी थांबवेपर्यंत. पट्ट्याने थांबवायचं की पुढच्या सीटच्या हाडाने, एवढाच प्रश्न असतो.

“शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात कशाला जाऊ मी?” आई म्हणाली.

शेवटी सौदा झाला. “तुझ्या हातचं दही मी खाल्लं ना? आता माझ्या हातचा पट्टा तू लाव.” तिने लावू दिला. खालचा पट्टा पोटावरून नाही, कंबरेच्या हाडावरून घ्यायचा असतो, तेवढ्यासाठी मी निऱ्यांशी झटापट केली आणि लेक हसत बसली.

*

मानपूरनंतरचा गणपती घाट मी जपून उतरले. त्या उताराने किती ट्रक खाल्ले असतील त्याची गणती नाही. कारण साधंच असतं. डिझेल वाचवायला ड्रायव्हर गाडी न्यूट्रलला टाकतो, मग सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापून तापून पकड सोडतात, आणि वीस-पंचवीस टनांचा ट्रक समोर जे येईल त्यावर जातो. बाबा म्हणायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. आता तिथे २०२४ च्या शेवटी कमी उताराचा नवा रस्ता सुरू झालाय, पण तेव्हा जुनाच होता आणि आरशात ट्रक दिसला की माझे खांदे आपोआप वर जात होते.

खलघाटला आईने काच खाली करून नर्मदेत नाणं टाकलं. “नर्मदे हर.” मी पुलाच्या कठड्याकडे पाहिलं नाही. आदल्या वर्षी १८ जुलैला इंदूरहून अमळनेरला निघालेली बस इथूनच पाण्यात गेली होती. बारा मृतदेह निघाले. सकाळी इंदूरच्या सरवटे स्टँडवरून सुटणाऱ्या बसा, त्यांत बसणारी आपल्यासारखीच माणसं, पाय दुमडून, मांडीवर डबा घेऊन. नाणं पाण्यात पडल्याचा आवाज इतक्या उंचीवरून येत नाही, तरी आई कान देऊन बसते.

बिजासनला थांबून देवीचं दर्शन झालं. तोही घाट उतरला. पळासनेर गेलं. (दीडेक महिन्याने, जुलैच्या सुरुवातीला, तिथेच ब्रेक निकामी झालेला कंटेनर रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. बातमी पाहताना आम्ही चौघंही बोललो नाही.) शिरपूर मागे पडलं, तापी ओलांडली. रस्ता सरळ, सपाट, तापलेला. मी खांदे सैल सोडले. नवऱ्याने शेवेची पुडी फोडली.

अपघात तिथे झाला.

समोर उलट्या बाजूने एक ट्रॅक्टर आला. पुढच्या ट्रकने ब्रेक मारला. मी अंतर ठेवलं होतं, मीही मारला, आणि आमची गाडी ट्रकच्या मागे दहा-बारा हातांवर नीट थांबली. हे सगळं माझ्या हातात होतं. मागून येणारी पिकअप माझ्या हातात नव्हती.

आवाजाचं वर्णन करता येत नाही. घरातलं कपाट आडवं पडावं तसा काहीसा. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हिंदीत. “रुको, रुको, रुको!” कुणाला म्हणत होते कोण जाणे. सगळं थांबलेलंच होतं. आणि मग, खरं सांगते, मला बाबांचं अक्षर दिसलं. आधी इंजिन बंद करणे. मी चावी फिरवली. मग घाबरले.

माणसे मोजणे. नवरा, चष्म्याशिवाय, समोरची शेव अंगभर. लेक. आई, पट्ट्यात अडकलेली, डोळे मिटून राम राम म्हणत. मी. चार. मी मोठ्यांदा ‘चार’ म्हणाले.

“आई, अपन चार,” लेक म्हणाली. “त्या गाडीतले?”

बाबांच्या कागदावर कुणाची माणसे मोजायची ते लिहिलेलं नव्हतं. मी इतकी वर्षं ‘आपली’ असं धरून चालले होते.

*

रस्ता लाल झाला होता. नवरा खाली उतरताच मट्‌कन बसला, त्याला ते रक्त वाटलं. ती टरबुजं होती. पिकअपमधून उडून फुटलेली, वितळत्या डांबरावर पसरलेली. पण सगळाच लाल रंग टरबुजाचा नव्हता. पिकअपचा ड्रायव्हर स्टिअरिंगला धरून बसला होता, छाती चोळत. शेजारचा क्लीनर, सतरा-अठरा वर्षांचं पोर, काचेवर डोकं आपटून दाराशी कलंडलं होतं.

मी डिक्कीकडे धावले. माझा डबा, माझ्या पट्ट्या, विजेरी, त्रिकोण.

डिक्की उघडली नाही. मागून धडक बसल्यावर डिक्की कशी उघडेल? पत्रा आत चेपून कुलूप जाम झालं होतं. चार वर्षं मी तो डबा भरत होते, दर उन्हाळ्यात औषधांच्या तारखा तपासत होते, आणि अपघात मागूनही होतो हे एकदाही मनात आलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोरचा अपघात नेहमी समोरून यायचा. मी त्या चेपलेल्या पत्र्यावर दोन लाथाही मारल्या, ते लेकीने पाहिलं.

पलीकडच्या ढाब्याचा मालक तोवर पळत आला होता. त्याने न विचारता बाभळीची मोठी फांदी आणून मागे पन्नास-साठ पावलांवर आडवी टाकली, वर दोन दगड. लोक टरबुजं वेचायला लागले होते, त्यांना त्याने अशी शिवी हासडली की अर्धे मागे सरले. उरलेले अर्धे पिकअपच्या ड्रायव्हरला बाहेर ओढायच्या बेतात होते. “मागून ठोकलं, याचीच चूक!” चूक होतीच बहुधा. पण जमावाला चुकीचं काही पडलेलं नसतं, त्याला हात मोकळे करायचे असतात. नवऱ्याने, चष्म्याशिवाय, समोर कोण आहे हे दिसत नसल्यामुळेच कदाचित, मध्ये उभं राहून सांगितलं, “भिया, कोणी हात लावायचा नाही.” ‘भिया’ ऐकून लोक क्षणभर बावरले. इंदूरचा हा शब्द खानदेशात पहिल्यांदाच उपयोगी पडला असेल.

पोराच्या कपाळातून रक्त येत होतं. मी आईच्या पर्समधला रुमाल घेऊन दाबून धरला. त्याला ओढून बाहेर काढू नका, मान हलवू नका, असं ओरडत होते. आमच्या कॉलनीच्या बगिच्यात एका रविवारी प्रथमोपचाराचा वर्ग झाला होता. तिथे जे दहा वेळा घोकून घेतलं होतं तेवढंच आठवलं, एकदा ऐकलेलं काहीच आठवलं नाही. पोरगं पुटपुटलं, “पानी.”

आई कधी उतरली मला कळलं नाही. ती त्याच्याजवळ पोचली होती, हातात तांब्या. आमच्याकडे प्रवासाला अजून फिरकीचा तांब्या असतो. तिने झाकण काढलं.

“आई, पाणी देऊ नको!”

मी तिच्यावर आयुष्यात एवढी ओरडले नव्हते. तिने माझ्याकडे पाहिलं, ती नजर मला आजही आठवते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, दारात आलेल्या पोस्टमनला, भंगारवाल्याला, कुणालाही आधी पाणी विचारणारी. उन्हात पडलेलं पोर पाणी मागतंय आणि तिची मुलगी म्हणते, देऊ नको. समजावायला वेळ नव्हता. जबर जखमी माणसाला पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, उलटी होते, पुढे भूल देऊन शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं. हे मला माहीत होतं आणि तिला नव्हतं, एवढाच फरक. तिने पदराचं टोक भिजवलं, त्याच्या ओठांना लावलं. तेवढं चालतं. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

*

फोनचं सांगायचं राहिलं. माझा फोन सीटखाली कुठेतरी उडाला होता. लेकीच्या फोनवरून ११२ लावला. राज्याच्या सीमेपासून फार दूर नव्हतो, म्हणून आधी जिल्हा सांगितला, मग जवळचं गाव, मग ढाब्याचं नाव. ढाबेवाल्याने किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगितला. हमरस्त्यासाठी १०३३ हा वेगळा क्रमांक आहे हेही त्यालाच तोंडपाठ होतं. आम्ही टोल भरतो, तो क्रमांक पाठ करतो ढाबेवाला.

मग दादाला पुण्याला कळवायचं म्हणून लेकीने फोन माझ्या हातात दिला, आणि मला त्याचा नंबर आठवेना. तिच्याकडे मामाचा नंबर ‘सेव्ह’ नव्हता, ते दोघं फॅमिली ग्रुपवरच बोलतात आणि नेट लागत नव्हतं. मला डोळे मिटून एकच नंबर येत होता : आमचा जुना लँडलाइन, सहा आकडी, आधी ०७३१. तिथे आता कोणी नाही. जागाच विकली.

सीटखालचा फोन सापडल्यावर दादाला लावला. पाचवी ओळ पाळली. “सगळे ठीक आहेत,” मी म्हटलं. आणि समोर रुमालाखाली ते पोर होतं. मी कोणाला ‘सगळे’ म्हणत होते?

रुग्णवाहिका आली. मी ढाबेवाल्याला म्हटलं, तुम्हीही बरोबर चला, तुम्ही ओळखीचे दिसता इथले. तो मागे सरला. मी त्याला सांगायला लागले की सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलंय, २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातही कलम १३४-अ म्हणून आलं, तुमच्यावर नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचीही नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. “ताई, कायदा तुमच्या पुस्तकात. मी इथे रस्त्यावर.” मग डोक्याचा रुमाल सोडून पोराच्या जखमेवर दुसरी घडी ठेवली आणि गाडीत चढला. तेवढ्या वाटेत त्याने काय ठरवलं ते मला कधी कळलं नाही.

पोलिसांनी गाडीचा नंबर पाहिला. एमपी ०९. “मराठी बोलता, आणि पासिंग एमपीचं?” अशा वेळीसुद्धा आम्हाला हे विचारतात. लायसन्स आणि गाडीचे कागद डिजीलॉकरमधले चालले. अपघातानंतर जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं ड्रायव्हरवर बंधनकारक आहे, मग चूक कुणाचीही असो. पोलीस तिथेच होते म्हणून ते आपसूक झालं.

आम्हीही सरकारी दवाखान्यात गेलो. आईला काही झालेलं दिसत नव्हतं. ती म्हणत होती चला पुढे, नाशिक गाठू. डॉक्टरणीने विचारलं, “आजी कुठल्या गोळ्या घेतात?” मी रक्तगट सांगायला लागले. ती म्हणाली, “रक्त द्यायची वेळ आली तर गट आम्ही तपासूनच घेतो. गोळ्या सांगा.” गोळ्यांची यादी डब्यात. डबा डिक्कीत. आईच शांतपणे म्हणाली, “रक्त पातळ करायची एक आहे, रात्रीची.” डॉक्टरणीने लगेच मान वर केली. ती गोळी चालू असेल तर साधा मुका मारही आत रक्तस्राव करू शकतो, कधी काही तासांनी. सिटीस्कॅन झालं, एक रात्र ठेवून घेतलं. काही निघालं नाही. छातीवर आडवा निळाजांभळा पट्टा मात्र उमटला होता, सीटबेल्टच्या आकाराचा. पुढे दोन आठवडे आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला तो आत नेऊन दाखवत होती. हळदीकुंकवाला आलेल्यांनाही.

कर्दे राहिलंच. समुद्राऐवजी धुळ्यातल्या लॉजची खिडकी बघितली आणि चौथ्या दिवशी भाड्याच्या गाडीने परत आलो.

*

विम्याचं थोडक्यात सांगते. गाडी हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढले होते, लेकीनेच. कंपनीला त्याच दिवशी कळवलं. पुढे कळलं की प्लास्टिकच्या भागांवर झीज म्हणून निम्मी रक्कम कापतात, काचेवर काही कापत नाहीत, आणि निदान हजार रुपये तर अशा दाव्यात आपलेच जातात. बंपर प्लास्टिकचा. नवऱ्याला गॅरेजमध्ये एकच शंका होती, एअरबॅग का नाही उघडल्या? मागून धडक बसली की पुढच्या एअरबॅग सहसा उघडतच नाहीत. त्या वेळी पाठीमागचं सीट, मानेमागची उशी आणि पट्टा, एवढेच आपले. आमच्या सगळ्यांच्या उशा तळाशी ढकललेल्या होत्या. डोक्याच्या मागे हव्यात, मानेच्या मागे नाही. हे मला गॅरेजमधल्या मेकॅनिकने सांगितलं, तेही हसत.

ते पोर जगलं. ढाबेवाल्याने दिवाळीत फोन करून सांगितलं. टाके पडले, महिनाभर चक्कर यायची, आता परत पिकअपवर आहे. खर्च कुणी केला, मी विचारलं. “त्याच्या बापाने म्हैस विकली,” तो म्हणाला. तेव्हापासून मी असल्या बातम्या डोळ्यात तेल घालून वाचते. ५ मे २०२५ पासून केंद्राची योजना लागू झाली आहे : रस्त्यावरच्या अपघातातल्या कुणाही जखमीला, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत, ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता. चूक कुणाची, विमा आहे की नाही, हे आधी विचारायचं नाही. मी ती माहिती छापून ढाबेवाल्याला पाठवली. त्याने ती गल्ल्यामागच्या भिंतीवर लावली, देवाच्या फोटोखाली.

डबा आता डिक्कीत नसतो. पुढच्या सीटखाली असतो, घट्ट बांधलेला. सुटा राहिला तर तोच डोक्यात बसायचा. त्रिकोण मागच्या सीटच्या पायाशी. डब्यातल्या निम्म्या वस्तू मी काढून टाकल्या. खडू तर कुणीच वापरणार नव्हतं. गोळ्यांची यादी प्रत्येकाच्या खिशात आणि फोनच्या कुलूपबंद पडद्यावरही. आणि दर रविवारी जेवताना लेक परीक्षा घेते : बाबांचा नंबर सांग. मामाचा सांग. नवरा दर वेळी शेवटचे दोन आकडे उलटे सांगतो.

परवा पुन्हा निघायचं ठरलं. कर्देच. मी गाडीचा कप्पा आवरायला घेतला. तसबीर काढली, मागचा कागद उलगडला. घडीवर फाटत आलाय, झेरॉक्स काढावी म्हटलं. दुसऱ्या ओळीत ‘माणसे मोजणे’ समोर मीच गेल्या वर्षी पेन्सिलीने ‘दोन्हीकडची’ असं लिहिलं होतं, ते दिसलं. आणि खाली, पाचव्या ओळीनंतर, एक नवी ओळ होती. निळ्या बॉलपेनने, थरथरत्या, गोल अक्षरात. आई देवाच्या वहीत लिहिते तशी, वर शिरोरेघ न देता.

‘६. घाबरलेल्यांस पाणी द्यावे, काही गोड द्यावे. (जखमीस नव्हे. त्याचे ओठ भिजवावे.)’